हुतूतूचं परळ

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणी परळला एकदा तरी जाऊन आल्या असतील. पण हौसेने नव्हे. कुणाच्या सासूबाईंचे ऑपरेशन, कुणाच्या बाळाचा ताप उतरत नाही, कुणाच्या यजमानांच्या तपासण्या. के. ई. एम., वाडिया, टाटा ही नावे सावंतवाडीपासून सोलापूरपर्यंत घराघरांत पाठ आहेत. एका हातात रिपोर्टांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा आणि थर्मास, अशा अवस्थेत आपण स्टेशनावर उतरतो, रस्ता विचारत विचारत दवाखाना गाठतो आणि काम झाले की पहिली गाडी पकडून परत फिरतो. त्या धावपळीत परळ बघायचे राहूनच जाते.

तुम्ही म्हणाल, परळात बघण्यासारखे आहे तरी काय? ना चौपाटी, ना राणीचा बाग! खरे आहे. पण एखाद्या गावाची ओळख जशी तिथल्या देवळाने होते, एखाद्याची तिथल्या साडीने होते, तशी परळची एक ओळख आहे ती एका खेळाने. आपण लहानपणी शाळेच्या पटांगणात परकर खोचून खेळलो तोच तो खेळ, हुतूतू. आता सगळे त्याला कबड्डी म्हणतात. हा खेळ परळात कसा रुजला, मध्येच त्याच्या पायाखालची जमीन कशी सरकली आणि तरीही परळच्या मुलींनी तो कुठवर नेला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

बेट, बंगला आणि भोंगा

मुंबई मूळची सात बेटांची, हे आपण शाळेत शिकलो. परळ हे त्यातलेच एक. भराव पडत गेले, समुद्र हटला आणि बेटांचे एक शहर झाले. इंग्रजांच्या काळात परळ ही मोकळ्या हवेची, झाडाझुडपांची जागा होती. इतकी की खुद्द मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचा बंगला इथे होता. पुढे प्लेगची साथ आली. प्लेगची लस तयार करणाऱ्या डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये याच बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. के. ई. एम. आणि टाटा यांच्या शेजारीच ती आहे, पण आपले लक्ष केसपेपरकडे असते, म्हणून ती दिसत नाही.

तोवर आजूबाजूला कापडगिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या होत्या. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड हा सगळा पट्टा मिळून गिरणगाव झाले. पहाटे गिरणीचा भोंगा वाजला की सगळी वस्ती जागी व्हायची. घड्याळ कुणाच्या घरी असो वा नसो, भोंगा सगळ्यांचा होता.

या गिरण्यांत काम करायला माणसे आली ती बहुतेक कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून. बायकामुले गावी आणि पुरुषमाणूस मुंबईला, असे हजारो संसार वर्षानुवर्षे चालले. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण राहायचे. एक पाळी कामावर, एक पाळी झोपलेली. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे बरं का! चाळीतलीच एखादी बाई आपल्या चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करायची आणि त्यावर स्वतःचे घर चालवायची. याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. खानावळीची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

न लागणाऱ्या वस्तूंचा खेळ

आता विचार करा. पाळी सुटली आहे, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, बायकोमुले लांब गावाला आणि खिशात मोजके पैसे. अशा तरण्याताठ्या माणसाने संध्याकाळी करायचे काय? कुणी भजनात बसला, कुणी नाटकाच्या तालमीला गेला, कुणी तालमीत घुमला. आणि पुष्कळजण हुतूतूच्या मैदानात उतरले. गावाकडे सुगी झाल्यावर मोकळ्या शेतात खेळलेला हा खेळ त्यांनी पायांतच मुंबईला आणला होता. बॅट नको, चेंडू नको, जाळे नको. लागते ती फक्त माती, चुन्याच्या चार रेघा आणि छातीत दम.

तुमच्यापैकी कुणी विसरली असेल तर थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. एकीने दम धरून, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरायचे, जमेल तितक्यांना शिवायचे आणि दम न तोडता मध्यरेषेला परत यायचे. ही झाली चढाई. समोरच्यांनी तिला तिथेच धरून ठेवायचे, ही पकड. चढाईला वेळ मिळतो 30 सेकंद, म्हणजे गॅसवर ठेवलेल्या चहाला साधी उकळीही येत नाही तेवढा. जी बाद झाली ती बाहेर बसते. आपल्या बाजूने समोरची एक बाद केली की बाहेर बसलेली आपली एक परत आत येते. समोरचा सगळा संघ बाद केला की ‘लोण’ चढतो आणि दोन गुण जास्तीचे मिळतात. सात जणी हातात हात घालून साखळी करतात तेव्हा त्यातली एकटी कोणी शूर असून भागत नाही. एकीचा हात सुटला की चढाई करणारी निसटलीच म्हणून समजा.

आणि जागा किती लागते? बायकांच्या कबड्डीचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. पुरुषांचे त्याहून थोडे मोठे, 13 बाय 10. आपल्या हिशेबात सांगायचे तर चाळीतल्या आठ-नऊ खोल्या मावतील एवढीच जमीन. दोन चाळींच्या मधला चौक तेवढा असतोच. म्हणून हा खेळ परळला असा काही लागू पडला की जणू चाळी बांधतानाच त्याची जागा सोडली होती.

गावाची मंडळे होती, व्यायामशाळा होत्या, सार्वजनिक गणपतीची मंडळे होती. त्यांचे संघ तयार झाले. रात्री विजेचे दिवे लावून सामने व्हायचे. आजूबाजूच्या चाळींचे कठडे म्हणजे बसायच्या गॅलऱ्या. भाकरी थापून हात धुतले की बायकाही कठड्याशी येऊन उभ्या राहात. नरे पार्क, लाल मैदान, कामगार मैदान ही परळची नावे कबड्डीवाल्यांच्या तोंडी आजही असतात.

या खेळातून पोटापाण्याचीही सोय झाली, हे विशेष. रेल्वे, बँका, बेस्ट, पोर्ट ट्रस्ट, मोठाले कारखाने यांचे स्वतःचे कबड्डी संघ असत. चाळीतला चांगला खेळाडू हेरून त्याला नोकरी दिली जाई. 1953 मध्ये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने कामगारांच्या स्पर्धा भरवल्या. पोरगा नुसता मातीत लोळतो म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आईच्या हातात एके दिवशी तो नोकरीची ऑर्डर ठेवायचा. मग तिची तक्रार कसली राहते!

खेळाला नियम मिळाले

गावोगाव हा खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या तऱ्हांनी चाले. आपल्याकडे हुतूतू, तमिळ मुलखात चेडुगुडू, बंगालात हाडूडू. त्याला एकसारखे नियम लावायची खटपट आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. 1918 च्या सुमारास साताऱ्याकडे त्याचा आरंभ झाला आणि 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा घेतल्या. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेली आणि त्यांनी आपले देशी खेळ साऱ्या जगासमोर करून दाखवले. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली 1955 मध्ये. म्हणजे पुरुषांच्या मागोमाग तीनच वर्षांनी! त्या काळात मुलीने चारचौघांत मैदानात उतरून कुणाचा पाय धरायचा आणि कुणाला खाली पाडायचे, हे घरच्यांना पटवणे किती कठीण गेले असेल याची कल्पना तुम्हीच करा. तरी मुली खेळल्या. मुंबईचे सदानंद शेट्ये 1972 मध्ये कबड्डीचे अर्जुन पुरस्कार विजेते झाले, आणि त्याच दशकात महाराष्ट्राच्या शकुंतला खटावकर यांनाही हा मान मिळाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी तर या खेळासाठी सारे आयुष्य वेचले. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

मग गिरण्या थांबल्या

18 जानेवारी 1982. गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या घरात ही तारीख विचारा, लग्नाच्या तिथीसारखी पाठ असते. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवशी संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुष्कळांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या आणि एकामागून एक गिरण्यांना कुलपे लागली. बायकांनी अंगावरचे डाग विकले, खानावळीची उधारी थकली, कुणी गावाची वाट धरली. पोट भरायचीच भ्रांत पडल्यावर खेळाकडे कोण बघणार?

आणि मग जमिनीचा प्रश्न आला. मुंबईच्या पोटात गिरण्यांची जवळजवळ 600 एकर जमीन होती. 1991 मध्ये सरकारने नियम केला की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक वाटा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक वाटा सरकारी घरबांधणीसाठी आणि एक वाटा मालकाला. म्हणजे घरात तीन भावांच्या वाटण्या होतात तसा सरळ हिशेब. पण 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त रिकाम्या जमिनीची, जिच्यावर बांधकाम उभे आहे तिची नाही, असे ठरले. आता गिरणी म्हटली की बहुतेक जमिनीवर बांधकामच असणार! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2006 मध्ये हा बदल कायम झाला. मैदानांच्या वाट्याला यायची ती जमीन आक्रसून चिमूटभर झाली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेले आली. चाळी पाडून टॉवर झाले. टॉवरच्या खाली मोटारी लावायला जागा आहे. 12 बाय 8 मीटरचा मातीचा तुकडा मात्र शोधावा लागतो.

खानावळवालीची लेक

इतके सगळे झाल्यावर परळची कबड्डी संपली असेल असे तुम्हाला वाटेल. मलाही तसे वाटले असते, जर सोनाली शिंगटेचे नाव माहीत नसते.

सोनाली लोअर परळची. 1995 चा तिचा जन्म, म्हणजे संपानंतरच्या परळात ती वाढली. वडील सुरक्षारक्षकाची नोकरी करायचे आणि आई खानावळ चालवायची. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली ती हीच गोष्ट. परळच्याच महर्षी दयानंद कॉलेजात ती शिकली. पूर्वी मातीत अनवाणी खेळता येई, त्यामुळे गरिबाच्या पोरांना अडत नसे. आता मोठे सामने रबरी मॅटवर होतात आणि मॅटवर बूट लागतात. चांगले बूट घेण्याची घरची ऐपत नव्हती. शिवशक्ती महिला संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी तिला बूट आणि खेळाचे साहित्य मिळवून दिले, आणि पोरीने त्याचे सोने केले. पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती भारताकडून खेळली.

त्या स्पर्धेची गंमत ऐका. अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना 27-24 असे हरवले. भारताचे सुवर्णपदक हुकले म्हणून सगळीकडे हळहळ झाली. पण त्या इराणी मुलींना शिकवणारी कोण होती ठाऊक आहे? नाशिकच्या शैलजा जैन! आयुष्यभर नाशिकच्या मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाई इराणला गेल्या आणि तिथल्या मुलींना पार सुवर्णपदकापर्यंत घेऊन गेल्या. म्हणजे एका अर्थी दोन्हीकडे आपल्याच मातीचा खेळ होता.

पुढच्या वेळी आपल्या मुलींनी उट्टे काढले. 7 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगचौ इथे भारताने चिनी तैपेईला 26-25 असे अवघ्या एका गुणाने हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघात सोनाली होती. त्याआधी 2012 मध्ये पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्यात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. 2014 मध्ये वरळीला, परळपासून हाकेच्या अंतरावर, पुरुषांच्या प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. टीव्हीमुळे खेळाडू घरोघरी माहीत झाले, त्यांना लाखांनी पैसे मिळू लागले. बायकांसाठी 2016 मध्ये तीन संघांची तशीच एक स्पर्धा घेतली, पण ती पुढच्या वर्षी काही झाली नाही. मुलगे वर्षानुवर्षे लिलावात विकत घेतले जातात आणि देशाला सुवर्णपदक आणणाऱ्या मुली नोकरी सांभाळून सराव करतात. आपल्या घरात मुलाच्या ताटात तूप आणि मुलीच्या ताटात ताक वाढले जाते ना, तशातलाच हा प्रकार म्हणायचा.

तुमच्या घरातली सोनाली

मैदाने परत आणणे तुमच्या-माझ्या एकटीच्या हातात नाही, हे कबूल. पण कबड्डीला जमिनीइतकीच आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे संध्याकाळचा एक तास. ती मात्र घरातच मिळते किंवा घरातच अडते.

बघा ना, मुली कबड्डी सोडतात त्या कधी? आठवी-नववीत. तोवर शाळेत छान खेळत असतात. मग ‘आता मोठी झालीस’ सुरू होते. गुडघे फुटतील, काळी पडशील, पुढे लग्नात अडचण येईल. संध्याकाळी धाकट्याला सांभाळ, कणीक मळून ठेव. मुलाला याच वेळी आपण क्लबात जाऊ देतो. तेव्हा कणीक कोण मळते हा प्रश्न पडत नाही.

तुमच्या मुलीला किंवा नातीला आवड असेल तर तिला अडवू नका. शाळेत किंवा जवळच्या मंडळात चौकशी करा. शिकवणारे कोण आहेत, मुलींचा वेगळा सराव असतो का, मोठ्या मुली येतात का, हे स्वतः जाऊन बघा. पहिले दोन-चार दिवस मैदानाच्या कडेला बसलात तरी चालेल, भाजी तिथे निवडता येते! मुलीची नखे नियमाने कापा. बांगड्या, कानातले, गळ्यातले खेळताना काढून ठेवायला सांगा. केस घट्ट बांधू द्या, पिना नकोत. खेळायला जाण्याआधी पोटभर जेवण नको, दोन तास आधी पोळी-भाजी पुरे. आल्यावर मात्र भूक सपाटून लागते, तेव्हा उसळ, अंडे, दूध, शेंगदाण्याचा लाडू असे काहीतरी तयार असू द्या. खरचटले तर साबणाच्या पाण्याने धुवा. हळद चेपून मोकळे होऊ नका, मातीतली जखम असेल तर डॉक्टरांना धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारा. पाळीच्या दिवसांत खेळावे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्या. बरे वाटत असेल तर खेळण्याने काही बिघडत नाही.

जायचं झालं तर

मध्य रेल्वेच्या परळ स्टेशनावर उतरा किंवा पश्चिम रेल्वेच्या प्रभादेवीला. या प्रभादेवीचे नाव 2018 पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते, त्यामुळे जुनी माणसे अजून तेच नाव घेतील, गोंधळू नका. पूर्वेला बाहेर पडलात की दवाखान्यांच्या बाजूला हाफकिनची जुनी वास्तू आहे, ती रस्त्यावरूनच बघून घ्या. मग लालबागच्या दिशेने पायी निघा. टॉवरांच्या मधूनमधून एखादी जुनी चाळ, कुठे गिरणीची उरलेली चिमणी दिसेल.

कबड्डी बघायची तर पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत जा. स्थानिक स्पर्धा बहुधा संध्याकाळी सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात. मैदानावरच्या अशा सामन्यांना सहसा तिकीट नसते. सकाळच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बातमी असते, ती शोधा. कुणाला विचारायचे तर टॅक्सीवाल्यापेक्षा चाळीच्या तोंडाशी बसलेल्या आजोबांना विचारा. रस्ता तर सांगतीलच, वर त्यांच्या वेळी कुणी कुणाची कशी पकड केली तेही सांगतील.

बायकांचा सामना असेल तर मुद्दाम थांबा. आपण कडेला उभ्या राहिलो, चार टाळ्या वाजवल्या, तर खेळणाऱ्या मुलींना फार बरे वाटते. आणि तुमची लेक बरोबर असेल तर तिला पुढच्या रांगेत उभी करा.